नगरचा दुष्काळ, खडीचं काम आणि पगारातले २०० रुपये: गरिबाला मदत करायची कुणी?

महाराष्ट्रात नोकरी करणाऱ्या बहुतेकांच्या पगाराच्या स्लिपवर दर महिन्याला २०० रुपयांची एक कपात असते. फेब्रुवारीत ती ३०० होते. नाव प्रोफेशनल टॅक्स, म्हणजे व्यवसाय कर. पीएफ कशाचा ते माहीत असतं, इन्कम टॅक्स कशाचा तेही माहीत असतं. हे २०० रुपये मात्र कशासाठी जातात, हे विचारलं तर अनेकांना सांगता येत नाही.

१९७५ साली हा कर आला तेव्हा त्यामागचं कारण स्पष्ट होतं. खेड्यात ज्याच्या हाताला काम नाही त्याला सरकारनं काम द्यायचं आणि त्याचा पैसा शहरातल्या पगारदारांकडून, व्यावसायिकांकडून उभा करायचा. रोजगार हमी योजनेला आर्थिक आधार देणारा हा कर.

ही कल्पना एका दिवसात सुचलेली नाही. गरिबाला फुकट खायला घालायचं की काम द्यायचं? काम द्यायचं तर कुणी? गावानं, नगरपालिकेनं, जिल्ह्यानं की वरच्या सरकारनं? आणि ज्याला कामच करता येत नाही त्याचं काय? ज्या जिल्ह्यांनी या प्रश्नांवरचे प्रयोग अंगावर झेलले, त्यात अहमदनगर, म्हणजे आताचं अहिल्यानगर, फार वर आहे.

नगरच का, तर जिल्ह्याचा नकाशा बघा. पश्चिमेला अकोल्यात सह्याद्रीच्या माथ्यावर धो धो पाऊस पडतो. पूर्वेकडे आणि दक्षिणेकडे सरकत गेलं की पारनेर, कर्जत, जामखेड, पाथर्डी हा सगळा पर्जन्यछायेचा पट्टा. एक पाऊस चुकला की पीक जातं, दोन चुकले की माणसं गाव सोडतात. सरकारं बदलली, राजवटी बदलल्या, हे बदललं नाही.

आधी गाव, मग सरकार

इंग्रज येण्याआधी गरिबाला आधार देणारी पहिली यंत्रणा होती गाव. बलुतेदारांना सुगीच्या वेळी धान्यातला वाटा मिळायचा. सुतार, लोहार, न्हावी, कुंभार, महार, मांग अशा प्रत्येकाचा वाटा ठरलेला. आज कुणी या व्यवस्थेला गावाचा विमा म्हणतं. तसं म्हणताना दोन गोष्टी लक्षात ठेवायला हव्यात. एक तर हा वाटा फुकट नव्हता, त्याच्या बदल्यात वर्षभर राबावं लागायचं. दुसरं, कुणाला किती आणि कोणत्या मानानं मिळायचं हे जात ठरवायची. ज्यांच्या वाट्याला सगळ्यात कमी यायचं, तेच दुष्काळात सगळ्यात आधी उपाशी पडायचे.

याशिवाय 'गावखर्च' नावाचं एक खातं असायचं. पाटील-कुलकर्ण्यांच्या हिशेबात देवळाचा दिवाबत्तीचा खर्च, उत्सव, आल्या-गेल्या गोसावी-फकिरांना द्यायचा शिधा, असं सगळं त्यात पडायचं. म्हणजे गावपातळीवरचं धर्मादाय बजेटच म्हणा. १८१८ नंतर इंग्रजांनी या खर्चावर बारीक नजर ठेवली आणि त्याला कात्री लावली. त्यांच्या मते यात पैसे मुरवायला भरपूर वाव होता, आणि तो होताही.

वरचं सरकार मदत करायचं ती मुख्यतः शेतसाऱ्याच्या मार्गानं. पीक बुडालं तर साऱ्यात सूट किंवा वसुली तहकूब, बी-बियाण्याला आणि बैलांना तगाई, ओसाड पडलेली जमीन पुन्हा लागवडीला आणणाऱ्याला काही वर्षं कमी आणि मग टप्प्याटप्प्यानं वाढता सारा, ज्याला इस्तावा म्हणत. ही मदत ज्याच्या नावावर जमीन आहे त्याच्यासाठी होती. भूमिहीनाला साऱ्यात सूट देऊन काय मिळणार?

अन्नछत्रं, विहिरी, घाट, धर्मशाळा ही कामं राजेरजवाडे पुण्यकर्म म्हणून करायचे. ज्यांच्या नावावरून २०२४ मध्ये जिल्ह्याचं नाव बदललं त्या अहिल्यादेवी होळकर याच जिल्ह्यातल्या, जामखेड तालुक्यातल्या चौंडीच्या. १७२५ चा जन्म. देशभर त्यांनी केलेली अशी कामं प्रसिद्ध आहेत. पण दानाचा एक स्वभाव असतो. ते मिळालं तर मिळालं. नाही मिळालं तर तक्रार करायला जागा नसते.

१८०४: नगरच्या किल्ल्याजवळचा पहिला प्रयोग

नगरचा भुईकोट किल्ला बहुतेकांना माहीत असतो तो पंडित नेहरूंमुळे. 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' त्यांनी इथल्या कैदेत लिहिलं. त्याच्या कितीतरी आधी, ऑगस्ट १८०३ मध्ये, हा किल्ला इंग्रजांच्या ताब्यात आला. जिंकणारा सेनापती होता आर्थर वेलस्ली, जो पुढे वॉटर्लूला नेपोलियनला हरवून ड्यूक ऑफ वेलिंग्टन म्हणून जगप्रसिद्ध झाला.

किल्ला हातात आला, पण भोवतालचा मुलूख उद्ध्वस्त होता. यशवंतराव होळकरांच्या फौजांची आणि पेंढाऱ्यांची लूट, त्यात पावसानं दिलेला दगा. १८०४ च्या उन्हाळ्यापर्यंत नगरच्या आसपास माणसं भुकेनं मरत होती. नगरचा कारभार बघणाऱ्या ग्रॅहम नावाच्या अधिकाऱ्याला वेलस्लीनं तेव्हा मदतीबाबत लेखी सूचना पाठवल्या. दुष्काळी मदतीच्या इतिहासात त्यांचं महत्त्व मोठं आहे, आणि नगरमध्ये मात्र त्यांचं नाव फारसं कुणी काढत नाही.

त्याचं म्हणणं थोडक्यात असं. धान्य फुकट वाटणं ही मदतीची वाईट पद्धत आहे. त्यात गैरव्यवहार होतात. शिवाय नगरमध्ये फुकट धान्य मिळतंय म्हटल्यावर आसपासचा सगळा भुकेला मुलूख नगरवर लोटेल आणि मग शहरातल्यांनाही वाचवता येणार नाही. म्हणून दुष्काळग्रस्तांचे दोन वर्ग करायचे. ज्यांना काम करता येतं, मग ते पुरुष असोत की बाया, त्यांना सरकारी कामावर लावायचं. ज्यांना करता येत नाही, म्हणजे म्हातारे, मुलं, आजारी आणि ज्यांना अंगमेहनतीची कधीच सवय नव्हती अशा अशक्त बायका, त्यांना इस्पितळात ठेवून सरकारी खर्चानं जेवण आणि औषधपाणी द्यायचं.

ही विभागणी आज इतकी सवयीची वाटते की तिच्यात काही विशेष दिसत नाही. पण पुढची दोनशे वर्षं नगरमध्ये जी काही सरकारी मदत आली ती याच दोन रांगांतून आली. पहिल्या रांगेसाठी नियम, यंत्रणा, पैसा आणि पुढे कायदासुद्धा झाला. दुसऱ्या रांगेचं काय झालं ते पुढे येईलच.

त्या काळच्या इंग्लंडमध्ये यासाठी वेगळी व्यवस्था होती. १६०१ च्या कायद्यानुसार तिथल्या प्रत्येक पॅरिशवर, म्हणजे चर्चच्या हद्दीतल्या वस्तीवर, आपल्या गरिबांची जबाबदारी होती. त्यासाठी घरमालकांकडून, जमीनदारांकडून स्थानिक कर वसूल व्हायचा. १८३४ मध्ये तो कायदा कडक झाला आणि मदत हवी असेल तर वर्कहाऊसमध्ये राहायला जा, अशी अट आली. तिथलं जगणं मुद्दामच इतकं खडतर ठेवलेलं की अगदी नाइलाज झालेला माणूसच दारात येईल. इंग्रजांनी भारतात रेल्वे आणली, तार आणली, फौजदारी कायदा आणला. गरिबांसाठीचा स्थानिक कर मात्र आणला नाही. वर्कहाऊसमागचा संशय तेवढा आणला: मदत मागणारा खरंच गरजू आहे का, हे त्याला त्रास देऊन तपासायचं.

१८७७: दिवसाला एक पौंड धान्य

तो संशय नगर जिल्ह्यात सगळ्यात उघडा दिसला १८७६-७८ च्या दुष्काळात. त्याआधी वर्षभरच, १८७५ मध्ये, पुणे-नगर भागातल्या शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर जाऊन कर्जरोखे जाळले होते. सुपे इथून सुरू झालेलं हे लोण पारनेर, श्रीगोंदा, कर्जतपर्यंत पोहोचलं होतं. म्हणजे दुष्काळ आला तेव्हा लोक आधीच कर्जात बुडालेले होते.

सरकारनं ठिकठिकाणी दुष्काळी कामं काढली. दौंड-मनमाड रेल्वेच्या मातीकामावर हजारो भुकेले हात लागले. १८७८ मध्ये हा मार्ग सुरू झाला. आज शिर्डीला जाणारे कित्येक प्रवासी याच मार्गानं येऊन कोपरगावला उतरतात. त्या रुळांखालचा भराव कुणी घातला, हे सांगणारी पाटी कुठल्याही स्टेशनवर नाही.

खर्च वाढतोय म्हणून भारत सरकारनं सर रिचर्ड टेंपल यांना दौऱ्यावर पाठवलं. त्यांनी मजुरी खाली आणली. दिवसभर राबणाऱ्या पुरुषाला एक पौंड, म्हणजे साधारण ४५० ग्रॅम धान्याची किंमत आणि वर अर्धा आणा. बायांना आणि मुलांना त्याहून कमी. मद्रास इलाख्याचे आरोग्य अधिकारी डॉ. कॉर्निश यांनी कडाडून विरोध केला. एवढ्या खाण्यावर अंगमेहनत करणारा माणूस खंगत जाऊन मरेल, असं त्यांचं म्हणणं होतं. टेंपल ऐकायला तयार नव्हते. पुढे त्याच वर्षी ते मुंबई इलाख्याचे गव्हर्नर झाले.

नुसती मजुरी कमी केली नाही, 'कसोटी'ही लावली. काम घराजवळ मिळणार नाही. किमान दहा मैल लांब जायचं आणि कामाच्या ठिकाणीच तळ ठोकायचा. ठरलेलं काम पूर्ण झालं नाही तर मजुरी कापायची. हेतू एकच, ज्याला घरी चार दाणे शिल्लक आहेत त्यानं इकडे फिरकू नये. पण चार दाणे, दोन बैल आणि एक झोपडी शिल्लक असलेला माणूस म्हातारी आई आणि जनावरं मागे टाकून दहा मैल जाणार कसा? तो घरीच थांबायचा. जायचा तेव्हा चालायचंही बळ उरलेलं नसायचं.

जानेवारी १८७७ मध्ये दख्खनमध्ये एक विलक्षण गोष्ट घडली. मजुरी कापल्यावर उपाशी माणसांनीच दुष्काळी कामावर बहिष्कार टाकला. हजारो लोक कामं सोडून निघाले. पुण्याच्या सार्वजनिक सभेनं त्यांची बाजू लावून धरली. गणेश वासुदेव जोशी, म्हणजे 'सार्वजनिक काका', आणि त्यांचे सहकारी गावोगावची माहिती गोळा करून सरकारला धाडत होते. मजुरी कमी पडते हे भुकेल्यांनीच संप करून सांगावं, हे सरकारच्या कल्पनेत बसणारं नव्हतं. अधिकाऱ्यांनी त्याचा अर्थ असा काढला की हे लोक मुळात गरजू नव्हतेच.

या काळात सरकारबाहेरही कामं झाली. महात्मा फुले आणि सत्यशोधक समाजानं पुण्याजवळ धनकवडीला दुष्काळग्रस्तांच्या मुलांसाठी आश्रम काढला. नगरमध्ये १८३१ पासून असलेलं अमेरिकन मराठी मिशन होतंच. पण लाखोंच्या भुकेपुढे ही ठिगळं होती.

दुष्काळ संपल्यावर कमिशन बसलं. १८८० मध्ये त्याचा अहवाल आला आणि त्यातून इलाख्यांचे फॅमिन कोड तयार झाले. मुंबईचा कोड १८८५ चा. धान्याचे भाव चढले, लोक गाव सोडू लागले, चोऱ्या वाढल्या, तर ही लक्षणं ओळखून कलेक्टरनं काय करायचं याची पायरीपायरीनं नियमावली. सुरुवातीला 'टेस्ट वर्क' काढायचं: कमी मजुरीचं खडीचं काम काढा आणि किती लोक येतात ते मोजा. भरपूर आले तर दुष्काळ खरा. ज्यांना काम करता येत नाही त्यांची यादी पाटील-कुलकर्ण्यांनी करायची आणि त्यांना गावातच फुकट शिधा द्यायचा. विणकरांना खडी फोडायला न लावता त्यांच्याच धंद्यातलं काम द्यावं, अशीही सोय त्यात होती. नगर आणि भिंगारमध्ये विणकरांची मोठी वस्ती होती, त्यांच्या दृष्टीनं हे कलम महत्त्वाचं. वर्षभर मागावर बसणाऱ्याचे हात घणावर टिकत नाहीत, हे सरकारी कागदावर मान्य झालं, हेही थोडं नव्हे.

कोड इंग्रजीत होता. १८९६ चा दुष्काळ आला तेव्हा लोकमान्य टिळकांच्या प्रभावाखालच्या सार्वजनिक सभेनं त्यातल्या तरतुदी मराठीत छापल्या आणि गावोगाव माणसं पाठवून लोकांना समजावल्या. पीक बुडालं असेल तर साऱ्याला तहकुबी मागता येते, काम मागता येतं, हे लोकांना तेव्हा कळलं. आजच्या भाषेत ते एक्सप्लेनरच होते. सरकारला ते इतके झोंबले की १८९७ मध्ये त्यानं सार्वजनिक सभेची मान्यताच काढून घेतली.

नगरपालिका आणि लोकल बोर्ड: जबाबदारी खाली, तिजोरी वर

या सगळ्यात 'स्थानिक सरकार' कुठे होतं? कागदावर होतं. नगरची नगरपालिका १८५४ ची, म्हणजे राज्यातल्या जुन्या नगरपालिकांपैकी एक. १८६९ च्या कायद्यानं शेतसाऱ्याच्या रुपयामागे एक आणा लोकल फंड कापला जाऊ लागला. त्यातून रस्ते, शाळा, विहिरी, धर्मशाळा, दवाखाने. १८८४ मध्ये जिल्हा आणि तालुका लोकल बोर्डं आली आणि टंचाईत मदतीची कामं काढणं हे त्यांच्या कामांच्या यादीत आलं. नगरपालिकांच्या कायद्यातही निराधारांना मदत करण्याचं कलम होतं.

अडचण साध्या गणिताची होती. लोकल बोर्डाचं उत्पन्न शेतसाऱ्याला बांधलेलं. दुष्काळ पडला की सारा तहकूब, आणि सारा तहकूब की त्याच्यावरचा आणाही तहकूब. म्हणजे ज्या वर्षी गरिबांना सगळ्यात जास्त मदत लागणार त्याच वर्षी बोर्डाची तिजोरी सगळ्यात रिकामी. मग बोर्डाकडे एखादी विहीर खोदणं, गावरस्त्याची डागडुजी अशी किरकोळ कामं राहायची. मोठी कामं सरकारच्या बांधकाम खात्याकडे आणि हुकूम कलेक्टरकडे. मदतीची यादी गावात व्हायची, निर्णय जिल्ह्याला व्हायचा, पैसा मुंबईहून यायचा. ही रचना आजही अनेकांना ओळखीची वाटेल.

विसाव्या शतकात सरकारनं दुसरा विचार केला. दर दुष्काळात खडी फोडून घेण्यापेक्षा पाणीच दिलं तर? त्यातून प्रवरेवर भंडारदरा धरण झालं. १९२६ मध्ये गव्हर्नर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते उद्घाटन, म्हणून विल्सन डॅम. कालव्यांनी श्रीरामपूर, राहाता, राहुरीचा पट्टा हिरवा केला. ऊस आला, १९५० मध्ये विठ्ठलराव विखे पाटलांच्या पुढाकारानं प्रवरेचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला. दक्षिणेकडचे तालुके कोरडेच राहिले. एकाच जिल्ह्यात एका टोकाला ऊस पिकवणारे आणि दुसऱ्या टोकाला, पाथर्डी-जामखेडकडे, दर दिवाळीनंतर कोयता घेऊन ऊस तोडायला निघणारे.

बहात्तर: मेहेरबानीचा हक्क होताना

नगर जिल्ह्यात आजही साठी-सत्तरी ओलांडलेल्या कुणालाही 'बहात्तर' म्हणा. दुष्काळ हा शब्द पुढे जोडावा लागत नाही. लगोलग पावसानं पाठ फिरवली आणि १९७२-७३ मध्ये अख्खा महाराष्ट्र दुष्काळी कामावर उतरला. मे १९७३ मध्ये राज्यभर या कामांवर जवळपास ५० लाख माणसं होती. खडी फोडणं, रस्ते, नालाबंडिंग, पाझर तलाव. जमीनदार पाटलाच्या घरातल्या बायाही पाटी उचलत होत्या, हे तेव्हाच्या लोकांच्या आठवणीत ठळक आहे. मुकादम, हजेरीपट, कामावर मिळणारी सुकडी आणि रेशनवरची परदेशी लाल मिलो ज्वारी. तिची भाकरी धड थापतासुद्धा येत नसे, पण तिच्यावर घरं जगली.

१८७७ आणि १९७२ मध्ये काम तेच होतं, दगड आणि माती. फरक पडला तो दोन गोष्टींत. मागणी करणाऱ्याला आता मत होतं. आणि मजूर संघटित होते. संगमनेरच्या बाजूचे कॉम्रेड दत्ता देशमुख यांच्यासारखे डावे नेते दुष्काळी कामावरच्या मजुरांच्या लढ्यात पुढे होते. वेळेवर मजुरी, पुरेशी मजुरी, काम बंद न करणं या मागण्यांसाठी मोर्चे निघत होते.

विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांनी काही वर्षं आधी सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात एक प्रयोग केला होता. मागेल त्याला काम. त्याच धर्तीवर १ मे १९७२ पासून ग्रामीण भागासाठी रोजगार हमी योजना सुरू झाली. दुष्काळ ओसरल्यावर ती बंद पडली नाही, हे तिचं वेगळेपण. १९७५ मध्ये व्यवसाय कर आला. जितका कर गोळा होईल तितकीच भर राज्य सरकारनं घालायची. १९७७ मध्ये विधिमंडळानं कायदा केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला.

कायदा म्हणत होता की ग्रामीण भागातल्या प्रौढ व्यक्तीनं काम मागितलं तर १५ दिवसांत ते द्यावं लागेल. नाही दिलं तर बेकारी भत्ता. हा भत्ता सुरुवातीला दिवसाला एक रुपया होता. रक्कम हास्यास्पद वाटेल, पण तो रुपया म्हणजे सरकारची कबुली होती की काम न देणं ही चूक आमची. बाई आणि पुरुष यांना समान मजुरी. कामावर पिण्याचं पाणी, सावली, लेकरांसाठी पाळणाघर. टेंपलच्या दहा मैलांच्या कसोटीच्या अगदी उलट, काम शक्यतो गावाजवळ द्यायचं होतं.

म्हणजे सगळं छान झालं का? नाही. खोटे हजेरीपट, महिनामहिना थकलेली मजुरी, पहिल्याच पावसात वाहून जाणारे बांध, या तक्रारी नगरमध्येही होत्याच. पण जिथे गावानं कामाची निवड आपल्या हातात घेतली तिथे चित्र वेगळं दिसलं. पारनेर तालुक्यातल्या राळेगणसिद्धीत १९७५ नंतर अण्णा हजारे यांच्या पुढाकारानं पाणलोटाची कामं झाली. तिथे धान्य बँकही निघाली. ज्याच्याकडे जास्त पिकलं त्यानं धान्य ठेवायचं, अडलेल्यानं न्यायचं आणि सुगीला परत करायचं. नगर तालुक्यातल्या हिवरे बाजारमध्ये १९८९ ला पोपटराव पवार सरपंच झाले. सरकारी योजनांचा पैसा गावानं आपल्या शिवाराच्या आराखड्याप्रमाणे वापरला आणि कामासाठी बाहेर गेलेली कुटुंबं गावात परतली. गरिबी हटवायला स्थानिक सरकारच्या हाती काय असतं, याचं उदाहरण म्हणून हे गाव सांगितलं जातं, ते योग्यच आहे. मात्र अशी गावं बोटावर मोजण्याइतकी आहेत, हेही त्याच दमात सांगायला हवं.

२००५ मध्ये केंद्रानं महाराष्ट्राचाच धडा गिरवत देशासाठी रोजगार हमीचा कायदा केला. २ फेब्रुवारी २००६ ला पहिल्या टप्प्यात जे २०० जिल्हे निवडले त्यात अहमदनगरचं नाव होतं.

आणि दुसरी रांग?

वेलस्लीनं केलेले दोन वर्ग आठवा. ज्यांना काम करता येतं त्यांच्यासाठी दोनशे वर्षांत हक्क तयार झाला. ज्यांना येत नाही त्यांच्यासाठी काय झालं?

महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम १९५८ चा. ग्रामपंचायतीनं करायच्या कामांची त्यात भली मोठी यादी आहे. अपंग, निराधार आणि आजारी यांना मदत करणं हे त्यातलं एक काम. एक ओळ. स्थानिक संस्थांनी स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी राखायचा, असाही नियम आहे. तो निधी खर्चच होत नाही, ही दिव्यांग संघटनांची ठिकठिकाणची तक्रार. आणि ज्या ग्रामपंचायतीची घरपट्टीच जेमतेम वसूल होते, तिच्या उत्पन्नाचे ५ टक्के म्हणजे किती? लोकल बोर्डाचं जुनं गणित इथे पुन्हा भेटतं.

प्रत्यक्षात निराधारांचा भार राज्याच्या संजय गांधी निराधार अनुदान योजनेवर आहे. १९८० पासून ती सुरू आहे. २०२३ मध्ये अनुदान महिन्याला १,५०० रुपये झालं. अर्ज तहसील कार्यालयात करायचा आणि त्यासाठी कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत असल्याचा दाखला लागतो. २१,००० वर्षाला, म्हणजे महिन्याला १,७५०. एखाद्या विधवेला खरोखर एवढ्यावर घर चालवता येत असेल का, हे दाखला देणाऱ्यालाही माहीत असतं आणि घेणारीलाही. तरी दाखला दिला जातो आणि घेतला जातो, कारण नाहीतर मदत नाही.

ज्यांच्याकडे दाखलाही नाही, पत्ताही नाही, त्यांच्यासाठी वेगळा कायदा आहे. मुंबई भीक प्रतिबंधक कायदा, १९५९. भीक मागताना पकडलेल्या माणसाला न्यायालयापुढे उभं करून एक ते तीन वर्षं भिक्षेकरीगृहात ठेवता येतं. दिल्ली उच्च न्यायालयानं २०१८ मध्ये दिल्लीपुरत्या या कायद्याच्या मुख्य तरतुदी घटनाबाह्य ठरवल्या. महाराष्ट्रात कायदा चालू राहिला. राज्यातली काही भिक्षेकरीगृहं नगर जिल्ह्यात श्रीगोंदा तालुक्यात आहेत, विसापूर त्यातलं एक.

एप्रिल २०२५ मध्ये शिर्डीत कारवाई करून सुमारे ५० भिक्षेकऱ्यांना ताब्यात घेण्यात आलं आणि विसापूरला पाठवण्यात आलं. त्यांतल्या काहींना प्रकृती बिघडल्यानं नगरच्या जिल्हा रुग्णालयात हलवावं लागलं. तिथे चौघांचा मृत्यू झाला. नातेवाइकांनी हेळसांडीचे आरोप केले, आणि काही दिवस हे प्रकरण राज्यभर गाजलं.

भिक्षेकरीगृहातल्या माणसांकडूनही काम करून घेतलं जातं. शेती, वेगवेगळे हस्तव्यवसाय. त्याबद्दल त्यांना मेहनताना मिळतो. कित्येक दशकं तो महिन्याला ५ रुपये होता. २०२५ मध्येच राज्य मंत्रिमंडळानं तो वाढवून दिवसाला ४० रुपये केला.